बॉम्ब टाकायचा की नाही, हे नेमकं ठरवलं कुणी?

दरवर्षी ६ ऑगस्ट, म्हणजे १९४५ मध्ये अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला तो दिवस, आला की तोच वाद सुरू होतो. एक पार्टी म्हणते बॉम्ब टाकला म्हणून युद्ध थांबलं, नाहीतर अजून लाखो मेले असते. दुसरी म्हणते जपान आधीच मेटाकुटीला आला होता, हा सरळसरळ खून होता. आणि दोन्हीकडचे एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की कुठल्यातरी खोलीत अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमन बसला, समोर फायदे-तोटे मांडले, रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाला "टाका". असं काही झालंच नाही हो. त्या काळचे कागद बघत गेलं तर कुठं टाकायचा, कसा टाकायचा, हवामान कसं पाहिजे यावर पानंच्या पानं सापडतात, पण टाकायचा का, यावर जवळपास काही नाही, आणि जे काही थोडं बोलणं झालं ते दुपारचं जेवण चालू असताना. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

थोडं फिजिक्स, फार नाही. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना दिसलं की युरेनियमवर न्यूट्रॉन आदळला की अणूचे चक्क दोन तुकडे होतात. लिझ माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी ते का होतं हे समजावून सांगितलं. तुकडे होताना ऊर्जा सुटते आणि अजून दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढचे अणू फोडतात, त्यातून अजून न्यूट्रॉन, अशी साखळी. योग्य प्रकारचं युरेनियम पुरेशा वजनाचं एका जागी आलं तर ही साखळी सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते. बॉम्बचं तत्त्व एवढंच. अडचण अशी की "योग्य प्रकारचं" म्हणजे युरेनियम-२३५, ते खाणीतल्या युरेनियममध्ये शंभरात एकसुद्धा नसतं, आणि ते वेगळं काढायचं म्हणजे अख्खे कारखाने उभे करायचे.

आता इथं हिटलर आला. लिओ झिलार्ड नावाचा हंगेरियन ज्यू शास्त्रज्ञ, त्याला साखळीची कल्पना १९३३ मध्येच सुचली होती, त्याला भीती अशी की जर्मन लोक हे आपल्याआधी करतील. त्याने आइनस्टाइनला गाठलं, २ ऑगस्ट १९३९ तारखेचं ते प्रसिद्ध पत्र तयार झालं आणि ऑक्टोबरात ते तेव्हाचा अमेरिकन अध्यक्ष रूझवेल्टच्या हातात पडलं. इकडे इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला, तोच फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स हे दोघं निर्वासित, शत्रूदेशातून आलेले म्हणून त्यांना रडारच्या गुप्त कामात घेत नव्हते, मग रिकामा वेळ होता तर त्यांनी बॉम्बचा हिशोब करून टाकला. १९४० च्या मार्चमध्ये त्यांनी लिहून दिलं की युरेनियम टनांनी लागणार नाही, किलोत भागेल. त्यांचे आकडे जरा जास्तच आशावादी निघाले पण मुद्दा बरोबर होता.

त्या टिपणात अजून एक वाक्य आहे जे लोक विसरतात. त्यांनी लिहिलंय की किरणोत्सर्गी द्रव्यं वाऱ्याने पसरतील, त्यामुळे मोठ्या संख्येनं सामान्य नागरिक मारल्याशिवाय हा बॉम्ब बहुधा वापरता येणार नाही, आणि म्हणून कदाचित हे या देशाने वापरायला योग्य शस्त्र नसेल. १९४० मध्ये! कारखाना नाही, खर्च नाही, टायपरायटरवरची काही पानं फक्त, आणि नैतिक प्रश्न त्यात सरळ लिहिलेला. पुढच्या पाच वर्षांत काम वाढत गेलं तसा तो प्रश्न कागदांतून मागे मागे पडत गेला.

काम कसं वाढलं ते बघा. १९४२ पासून अमेरिकन सैन्याचा जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज सगळ्याचा प्रमुख. ओक रिजला युरेनियम वेगळं काढायचे अवाढव्य प्लांट, हॅनफर्डला प्लुटोनियम (बॉम्बला चालणारं दुसरं द्रव्य) बनवायच्या अणुभट्ट्या, आणि न्यू मेक्सिकोत लॉस अलामॉसला शास्त्रज्ञ ओपनहायमरची टीम, प्रत्यक्ष बॉम्ब बनवायला. सव्वा लाखाच्या आसपास माणसं एकाच वेळी कामावर, त्यातल्या बहुतेकांना आपण काय बनवतोय हे माहीतही नाही, आणि एकूण खर्च साधारण २ अब्ज डॉलर, तेही त्या काळचे. एवढं झाल्यावर काय होतं, तर लग्न ठरलं, हॉल बुक झाला, पत्रिका वाटून झाल्या, मांडव पडला, आता मुलीला विचारायला कोण जाणार की बाई तुला हे लग्न करायचंय का.

हे सगळं जर्मनीच्या भीतीने सुरू झालं होतं. १९४४ संपता संपता कळलं की जर्मनांकडे बॉम्ब नाही आणि होण्याची शक्यताही नाही. म्हणजे मूळ कारणच गेलं. मग किती लोकांनी काम सोडलं? एकाने. जोसेफ रोटब्लॅट, पोलंडचा, त्याने सांगितलं मी ज्यासाठी आलो होतो ते कारण उरलं नाही आणि बॅग भरून निघून गेला. नैतिक कारणावरून लॉस अलामॉस सोडणारा तो एकटाच धरला जातो. (त्याला पुढे १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, अण्वस्त्रांविरुद्धच्या पगवॉश परिषदांसाठी.) बाकीचे वाईट होते असं नाही. हातातलं कोडं सुटत आलेलं, भोवती मित्र, युद्ध चालू, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये रूझवेल्ट-चर्चिल यांनी एका टिपणात लिहूनही ठेवलेलं की बॉम्ब तयार झाला की नीट विचार करून तो कदाचित जपान्यांवर वापरता येईल. त्या टिपणात निदान "कदाचित" तरी होतं. तेही पुढे कुठं गेलं कळलं नाही.

१२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेला आणि ट्रुमन अध्यक्ष झाला. या माणसाला बॉम्बची काहीच कल्पना नव्हती. गंमत म्हणजे सेनेटर असताना तो युद्धाच्या खर्चातला घोळ शोधणारी कमिटी चालवत होता आणि या प्रोजेक्टचा पैसा जातो कुठं हे त्याने विचारलं होतं, तेव्हा युद्धमंत्री हेन्री स्टिमसनने त्याला यात पडू नका म्हणून सांगितलं होतं. आता तोच स्टिमसन २५ एप्रिलला ग्रोव्ह्जला बरोबर घेऊन त्याला सगळं समजावून सांगायला आला. म्हणजे ट्रुमन या गाडीत चढला तेव्हा गाडी पाच वर्षं चालत होती.

आता टार्गेट कमिटी, म्हणजे बॉम्ब कुठल्या शहरावर टाकायचा ते सुचवणारी. १० आणि ११ मे ला, म्हणजे जर्मनी शरण येऊन दोन-तीन दिवस झाले होते, लॉस अलामॉसला ओपनहायमरच्या ऑफिसात मीटिंग झाली. मिनिट्स उपलब्ध आहेत, वाचून बघा, अंगावर काटा येतो तो भाषेमुळे, कारण भाषा कुठल्याही सरकारी मीटिंगसारखी आहे. टार्गेट तीन मैलांपेक्षा मोठ्या पसरलेल्या शहरात हवं. स्फोटाच्या दाबाने चांगलं नुकसान होईल असं हवं. ऑगस्टपर्यंत त्यावर दुसरा हल्ला व्हायची शक्यता नको. हिरोशिमाबद्दल लिहिलंय की शेजारी टेकड्या आहेत, त्यामुळे स्फोटाचा परिणाम एकवटेल. क्योटोबद्दल लिहिलंय की तिथले लोक जास्त बुद्धिमान, त्यामुळे असल्या शस्त्राचं महत्त्व त्यांना जास्त चांगलं कळेल. आणि पहिला वापर इतका नेत्रदीपक हवा की जगाने दखल घ्यावी. यात कुठंही कुणी क्रूरपणे हसत नाहीये. लोक आपलं काम नीट करतायत.

क्योटो वाचलं ते स्टिमसनमुळे. तो १९२० च्या दशकात तिथं जाऊन आला होता, ती जपानची जुनी राजधानी, देवळांचं शहर, त्याने ठाम नाही म्हटलं, ग्रोव्ह्ज पुन्हा पुन्हा यादीत घालत राहिला आणि शेवटी जुलैत जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेच्या वेळी स्टिमसनने थेट ट्रुमनकडून ते यादीतून काढून घेतलं. (हनिमूनला तिथं गेला होता म्हणून क्योटो वाचवलं ही स्टोरी सोडून द्या, त्याचं लग्न १८९३ सालचं.) कारण फक्त देवळं हेही नव्हतं, क्योटो जाळलं तर जपानी लोक आपल्यावर कायमचे चिडतील आणि रशियाकडे झुकतील असा त्याचा हिशोब होता. पण बघा, एका माणसाने अडून बसल्यावर एक शहर वाचू शकत होतं. बाकीच्या शहरांसाठी अडून बसणारं कुणी नव्हतं. क्योटोची रिकामी जागा भरायला यादीत नागासाकी आलं.

३१ मे ला दुसरी कमिटी, बॉम्बबद्दल सरकारला सल्ला देणारी इंटरिम कमिटी, स्टिमसनच्या अध्यक्षतेखाली. इथं दुपारच्या जेवणाला विषय निघाला की आधी कुठंतरी निर्जन जागी स्फोट करून जपान्यांना दाखवला तर? साधारण दहा मिनिटं बोलणं झालं. फुसका निघाला तर हसं होईल, आधी सांगितलं तर जपानी आपले युद्धकैदी तिथं आणून ठेवतील, बॉम्ब हातात मोजकेच असतील, नुसतं वाळवंट जळालेलं बघून त्यांचे सेनापती शरण येणार नाहीत, वगैरे. हे मुद्दे मूर्खपणाचे नाहीत, खरंच नाहीत. पण दहा मिनिटं. आणि मग हार्वर्डचा अध्यक्ष जेम्स कोनंट याच्या सुचवण्यावरून ठरलं की सगळ्यात योग्य टार्गेट म्हणजे भरपूर कामगार असलेला महत्त्वाचा युद्धकारखाना, ज्याच्या सभोवती दाटीने कामगारांची घरं आहेत. वाक्याची रचना बघा. सुरुवात कारखान्याने होते, शेवट घरांनी. या वाक्याला लष्करी टार्गेटही म्हणता येतं आणि वस्तीही, ज्याला जे ऐकायचंय ते ऐकू येतं.

याच प्रोजेक्टवर काम करणाऱ्या शिकागोच्या शास्त्रज्ञांनी मात्र प्रश्न विचारला, हे त्यांच्या खात्यावर जमा आहेच. जेम्स फ्रांक आणि मंडळींनी ११ जूनला रिपोर्ट दिला, की न सांगता बॉम्ब टाकलात तर पुढं शस्त्रस्पर्धा लागेल आणि तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, त्यापेक्षा ओसाड जागी दाखवा. त्यावर चार शास्त्रज्ञांच्या पॅनलने, म्हणजे ओपनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन यांनी, १६ जूनला कळवलं की युद्ध संपवेल असं कुठलंही प्रात्यक्षिक आम्हाला सुचवता येत नाही, थेट लष्करी वापराला पर्याय दिसत नाही. आणि त्याच कागदात हेही, की राजकीय, सामाजिक, लष्करी प्रश्नांत आम्हाला काही खास अधिकार नाही. म्हणजे मत तर दिलं आणि जबाबदारीतून हातही काढून घेतला. राजकारणी म्हणणार शास्त्रज्ञांनी सांगितलं, शास्त्रज्ञ म्हणणार आम्ही फक्त टेक्निकल बोललो. झिलार्डने, हो तोच १९३९ वाला, ७० जणांच्या सह्यांचा अर्ज १७ जुलैला तयार केला, तो ग्रोव्ह्जच्या मार्गाने वर गेला, आणि स्टिमसनच्या ऑफिसात पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला. ट्रुमनने तो पाहिलाच नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. नागरिकांना मारायचं नाही ही रेषा अणुबॉम्बने ओलांडली नाही, ती आधीच पुसली गेली होती. १ सप्टेंबर १९३९ ला याच रूझवेल्टने सगळ्या देशांना आवाहन केलं होतं की शहरांतल्या निःशस्त्र लोकांवर बॉम्ब टाकू नका, ते रानटीपणाचं आहे. आणि ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत अमेरिकन विमानांनी आगलावे बॉम्ब टाकून टोकियोत साधारण १ लाख माणसं जाळली. त्यानंतर शहरामागून शहर, साठाच्या वर. हिरोशिमा शाबूत होतं ते मुद्दाम राखून ठेवलं होतं म्हणून, म्हणजे नव्या बॉम्बचा परिणाम स्वच्छ मोजता येईल. त्यामुळे या लोकांना अणुबॉम्ब ही वेगळी पायरी वाटलीच नाही, तेच काम एका विमानात होणार, इतकंच. आणि दुसऱ्या बाजूला जपानच्या ओकिनावा बेटावरची लढाई ताजी होती, तिथं १२,००० हून जास्त अमेरिकन आणि दोन्हीकडचे सैनिक-नागरिक मिळून लाखांवर माणसं मेली होती, चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी ताब्याखाली रोज माणसं मरत होती. हे विसरून नुसतं अमेरिकेला शिव्या घालणं सोपं आहे.

१६ जुलै, पहाटे साडेपाचच्या सुमारास, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी. गीतेचा अकरावा अध्याय ओपनहायमरने तिथंच म्हटला असं आपल्याकडे दर वेळी फॉरवर्ड येतं. त्याने तो आपल्याला आठवला असं टीव्हीवर सांगितलं ते १९६५ मध्ये. त्याच्या भावाच्या आठवणीप्रमाणे तिथं तो एवढंच म्हणाला की चाललं.

चाचणी प्लुटोनियमच्या बॉम्बची होती, कारण त्यात गोळ्याभोवती सगळीकडून स्फोटकं लावून तो एकाच क्षणी आत दाबायचा असतो आणि ते जमेल की नाही ही शंका होती. युरेनियमच्या बॉम्बमध्ये नळीतून एक तुकडा दुसऱ्यावर मारायचा, इतकं सरळ की त्याची चाचणी घेतलीच नाही. त्याची पहिली चाचणी म्हणजे हिरोशिमा.

आणि ऑर्डर? २५ जुलैची आहे, मजकूर ग्रोव्ह्जच्या ऑफिसातून आलेला, सही जनरल थॉमस हँडीची, पॅसिफिकमधल्या बॉम्बर विमानांचा प्रमुख जनरल स्पाट्झ याला उद्देशून. ३ ऑगस्टच्या सुमारानंतर हवामान साथ देईल तसा पहिला "स्पेशल बॉम्ब" हिरोशिमा, कोकुरा, निइगाता, नागासाकी यांपैकी एकावर टाकावा, आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जावेत. ट्रुमनची सही त्यावर नाही. ग्रोव्ह्जने नंतर स्वतःच लिहिलंय की ट्रुमनचा निर्णय म्हणजे ढवळाढवळ न करण्याचा निर्णय होता. त्याच २५ तारखेला ट्रुमन डायरीत लिहितो की मी स्टिमसनला सांगितलंय, टार्गेट सैनिक आणि खलाशी असू देत, बायका आणि मुलं नकोत. तो स्वतःला फसवत होता की त्याला खरंच हिरोशिमा म्हणजे छावणी वाटत होती, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटतं त्याने जास्त विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

हिरोशिमात सैन्याचं मोठं मुख्यालय होतं हे खरं. पण ६ ऑगस्टला विमानाने नेम धरला तो शहराच्या मधोमध असलेल्या आयोई पुलावर, टी आकाराचा, वरून पटकन ओळखू येणारा. सव्वाआठला बॉम्ब पुलापासून थोडा बाजूला, शिमा हॉस्पिटलच्या वर साधारण ६०० मीटरवर फुटला. त्या सकाळी हजारो शाळकरी मुलं शहरात कामावर होती, आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम त्यांना दिलं होतं, सगळी उघड्यावर. वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा १,४०,००० च्या आसपास धरतात. तीन दिवसांनी ट्रुमन रेडिओवर सांगत होता, पहिला बॉम्ब हिरोशिमा या लष्करी तळावर टाकला.

आणि नागासाकी. माझ्या मते सगळ्या नैतिक चर्चेचा गाभा इथं आहे आणि लोक हिरोशिमावरच अडकतात. दुसरा बॉम्ब टाकायचा असं कुणीही ठरवलं नाही. ऑर्डरमध्ये "तयार होतील तसे" लिहिलं होतं, झालं. तारीख खरं तर ११ ऑगस्ट होती, हवा बिघडणार म्हणून विमानं जिथून उडत होती त्या टिनियन बेटावरच्या लोकांनी ९ वर आणली. म्हणजे जपानला पहिल्या धक्क्यावर विचार करायला किती दिवस द्यायचे हे हवामानखात्याच्या अंदाजाने ठरलं. विमान आधी कोकुराला गेलं, खाली धूर आणि धुकं, तीन फेऱ्या मारल्या, पेट्रोल संपत आलेलं, मग नागासाकी. तिथंही ढग. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब नेमापासून सुमारे तीन किलोमीटर लांब, उराकामी खोऱ्यावर फुटला. तिथं जपानमधली सगळ्यात मोठी कॅथलिक वस्ती होती. १५४९ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि जपानमध्ये जे मिशन सुरू केलं त्याचाच हा धागा, जुन्या गोव्यात ज्याच्या दर्शनाला आपण जातो तोच. मृत ७०,००० च्या वर.

१० ऑगस्टला ग्रोव्ह्जने वर कळवलं की पुढचा बॉम्ब १७-१८ तारखेनंतर टाकता येईल. त्या कागदावर सेनाप्रमुख जनरल मार्शलने हाताने लिहिलं, अध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जपानवर सोडायचा नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळात ट्रुमन म्हणाला की अजून एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पना भयंकर आहे, "ती सगळी मुलं" मारणं त्याला नकोसं वाटत होतं, हे व्यापारमंत्री हेन्री वॉलेसच्या डायरीत आहे. ट्रुमनने या विषयात स्वतःहून घेतलेला ठळक निर्णय शोधायला गेलं तर हाच सापडतो, थांबवण्याचा. अणुबॉम्ब वापरायचा अधिकार अमेरिकेत एकट्या अध्यक्षाकडे गेला त्याचं मूळ या हाताने लिहिलेल्या ओळीत आहे. तेव्हा त्याचा अर्थ "मला विचारल्याशिवाय नको" असा होता, आता तो एकटा, कुणालाही न विचारता, हो म्हणू शकतो.

मग युद्ध बॉम्बमुळे संपलं का? ८ ऑगस्टला रशियाने युद्ध जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घुसलं. टोकियोत सहा जणांची सर्वोच्च परिषद शरण कुठल्या अटींवर जायचं यावर तीन-तीन अशी फुटली होती, नागासाकीची बातमी मीटिंग चालू असतानाच आली, तरी आकडा तीन-तीनच राहिला, शेवटी सम्राटाने तोंड उघडलं, शरण जायचं म्हणून. १५ ऑगस्टच्या रेडिओवरच्या भाषणात सम्राटाने नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख केला, रशियाचा नाही. १७ तारखेला सैनिकांसाठीच्या फर्मानात रशियाचा केला, बॉम्बचा नाही. ज्याला जे कारण पटेल ते दिलं. त्यामुळे एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जरा जपून.

"बॉम्ब नसता तर दहा लाख अमेरिकनांची हानी झाली असती" हा आकडा पक्का झाला १९४७ मध्ये, स्टिमसनच्या नावाने छापलेल्या मोठ्या लेखातून. तो लेख मुद्दाम लिहवून घेतला होता, कारण लोक प्रश्न विचारायला लागले होते. १८ जून १९४५ च्या खऱ्या मीटिंगमध्ये, जपानच्या क्युशू बेटावर उतरल्यावर पहिल्या ३० दिवसांत फिलिपिन्समधल्या लुझॉनच्या लढाईपेक्षा, म्हणजे मृत-जखमी धरून ३१,००० पेक्षा, जास्त हानी होऊ नये असा मार्शलचा सूर होता. अर्थात पुढचे महिने कसे गेले असते हे कोण सांगणार. पण सगळा विचार करून, मोजून-मापून निर्णय घेतला, हे चित्र बॉम्ब टाकून झाल्यावर दीड वर्षाने काढलेलं आहे.

"करायचं का" हा प्रश्न खऱ्या अर्थाने टेबलावर आला ऑक्टोबर १९४९ मध्ये, रशियाने ऑगस्टात पहिला स्फोट केल्यावर, हायड्रोजन बॉम्बच्या, म्हणजे अणुबॉम्बपेक्षा कितीतरी मोठ्या ताकदीच्या बॉम्बच्या वेळी. ओपनहायमरच्या सल्लागार समितीने एकमुखाने सांगितलं, बनवायची घाई नको. एन्रिको फर्मी आणि इसिडोर राबी यांनी वेगळं पत्र जोडलं, की हे शस्त्र कुठल्याही बाजूने बघितलं तरी दुष्टच आहे. यावेळी कागद वेळेत पोचले, योग्य माणसांनी वाचले, वाद झाला. ३१ जानेवारी १९५० ला ट्रुमनसमोर मीटिंग झाली, साधारण सात मिनिटांची. रशियनांना जमेल का, त्याने विचारलं. जमेल, उत्तर आलं. मग आपल्याला पर्याय नाही, तो म्हणाला. आणि फर्मी १९५० च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसला जाऊन त्याच बॉम्बची गणितं करत होता.